गाडी कितव्या मालकाची?

कुणी शेवया करता करता ऐकत असेल, कुणी निवडणं घेऊन बसली असेल. हात चालू राहू द्या, कान इकडे द्या. आज जुन्या चारचाकीबद्दल बोलायचं आहे.

आधी गटांचे प्रश्न शेळीचे, शिलाई मशीनचे, पिठाच्या गिरणीचे असायचे. आता बैठकीत हमखास विचारतात, "ताई, बाजाराला आणि प्रदर्शनाला जायला जुनी ईको घेऊ का? दर वेळी भाड्याच्या गाडीला पैसे जातात." विचार चांगला आहे. पण जुन्या गाड्यांच्या बाजारात पाय ठेवला की पहिला शब्द कानावर पडतो तो 'फर्स्ट ओनर'. एजंट म्हणतो, "ताई, फर्स्ट ओनर आहे, डोळे झाकून घ्या." दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवून म्हणतो, "ती थर्ड ओनर आहे, म्हणून स्वस्त." मग बायका आम्हाला विचारतात, की गाडी किती जणांनी वापरली यानं तिची किंमत खरंच बदलते का, की हा नुसता विकणाऱ्याचा डाव आहे?

बाजारात किंमत बदलते, हे खरंच आहे. एकाच सालाच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्या असल्या तर तिसऱ्या मालकाच्या गाडीला कमी पैसे मिळतात. पण बाजारातली किंमत आणि आपल्या कामाची किंमत या दोन गोष्टी आहेत. म्हशीच्या बाजारात आपण काय करतो? कितवं वेत विचारतो, दात बघतो, सड बघतो. आणि हळूच शेजारच्याला विचारतो, "किती दावणी फिरून आली हो ही?" दोन वर्षांत तीन दावणी फिरलेली म्हैस बघितली की आपल्या मनात येतं, लाथ मारत असेल, नाहीतर पान्हा चोरत असेल. पण वाटण्या झाल्या आणि थोरल्याची म्हैस धाकट्याच्या दावणीला गेली, तर त्यात म्हशीचा काय दोष? गाडीचंही असंच आहे. आकडा ऐकायचा, आणि आकड्यामागं काय घडलं ते विचारायचं.

आमच्या भागातल्या एका गटाचं सांगतो. पापड, कुरडया, शेंगदाणा चटणी करणाऱ्या अकराजणी. त्यांनी सोलापूरला दोन ईको बघितल्या, दोन्ही २०१८ सालच्या. पहिली पहिल्या मालकाची, मागणी ३ लाख ६० हजार. दुसरी तिसऱ्या मालकाची, मागणी ३ लाख ५ हजार. बहुतेकींचा कल पहिलीकडे होता. पंचावन्न हजार जास्त गेले तरी चालतील, पण कटकट नको, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांच्याबरोबर गेलो होतो. आम्ही एवढंच सुचवलं की दोन्ही गाड्यांचे जुने कागद मागूया, नुसतं आत्ताचं कार्ड नको.

पहिल्या गाडीचा नंबर एमएच-१४, म्हणजे पिंपरी-चिंचवडची नोंद. मालक एकच, हे खरं. पण पहिली काही वर्षं ती पिवळ्या पाटीची होती, म्हणजे भाड्याची. कारखान्यातल्या कामगारांना तिन्ही पाळ्यांना ने-आण करायची. नंतर परवाना काढून टाकून पांढरी पाटी करून घेतलेली. मालक घरी बसलेला आणि ड्रायव्हर बदलत राहिलेले. आता सांगा, त्या गाडीला खरे मालक किती? स्टेअरिंगवर बसलेले मोजले तर आकडा कुठल्या कुठे जाईल. कार्डावर मात्र एकच.

दुसरी गाडी अक्कलकोट तालुक्यातल्या एका घरातली. पहिला मालक नवरा. तो वारला, म्हणून वारस म्हणून गाडी बायकोच्या नावावर आली. ती दुसरी मालक. तिला चालवता येत नव्हती, म्हणून तिनं गावातल्याच एका मास्तरांना विकली. ते तिसरे. मास्तरांची बदली झाली आणि गाडी विकायला निघाली. तीन मालक झाले, पण गाव एकच, आणि पहिले दोन मालक तर एकाच उंबऱ्याच्या आतले. सर्व्हिसच्या पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत होत्या, प्रत्येक पावतीवर किलोमीटर लिहिलेले, आणि ते सालाप्रमाणे बरोबर चढत गेलेले. (किलोमीटरचा काटा मागं फिरवून देणारे लोक आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. जुन्या पावत्यांवरचा आकडा मात्र कुणी मागं फिरवायला जात नाही.) आमच्या ओळखीच्या मेकॅनिकनं दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. त्याचंही मत दुसरीच्या बाजूनं पडलं. गटानं दुसरी घेतली, आणि 'थर्ड ओनर' हा शब्द पुढे करून आणखी पंधरा हजार कमी करून घेतले.

तिसऱ्या मालकाची गाडी नेहमीच चांगली निघते असं आम्ही म्हणत नाही. उलट एक हिशेब ध्यानात ठेवा. आज मालक जास्त म्हणून जे पैसे आपल्याला सुटतात, ते आपण विकायला जाऊ तेव्हा आपल्याला सोडावे लागतात. आपण चौथे मालक होऊन विकणार. वर्षभरात परत विकायचा विचार असेल तर स्वस्त घेतलेली गाडी तितकीच स्वस्त जाईल, शिवाय नाव बदलायचा खर्च दोनदा. गाडी सात-आठ वर्षं वापरायची असेल तर गोष्ट वेगळी. पंधरा वर्षांच्या गाडीला 'कितवा मालक' कुणी फार विचारत नाही. चालते कशी आणि पासिंग आहे का, एवढंच विचारतात. म्हणून गटात आधी ठरवा, गाडी किती वर्षं ठेवणार. मालकांच्या आकड्याला किती वजन द्यायचं ते त्यावर ठरतं.

आता आकडा बोलतो कधी? मालक कमी वेळात भराभर बदलले असतील तेव्हा. चार महिन्यांत एकानं घेतली आणि विकली, पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्यानं विकली, तर काहीतरी खोड आहे असं समजून चला. निदान दोघांना फोन करून विचारा. आणि तारखाही बघा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं. पाण्यात बुडालेल्या गाड्या स्वस्तात उचलून, धुऊन-पुसून, लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात. त्या भागातली नोंद आणि महापुरानंतर लगेच मालक बदललेला, असं दोन्ही जुळलं तर गाडी घेऊच नका असं नाही, पण सीटखालचा गालिचा उचलून बघा, सीटच्या लोखंडी पट्ट्यांना गंज आहे का बघा, डिकीत स्टेपनीच्या खाली वाळलेला गाळ आहे का बघा. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी वर्षभर बरी चालते आणि मग रोज एक दुखणं काढते.

जुना विम्याचा कागदही बरंच सांगतो. त्यावर 'नो क्लेम बोनस' म्हणून टक्के लिहिलेले असतात. एक वर्ष विम्याचे पैसे मागितले नाहीत तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि पाच वर्षांनी ५० टक्के. आधीच्या मालकाच्या कागदावर ५० दिसले, तर त्यानं बरीच वर्षं अपघाताचा दावा केलेला नाही असं कळतं. शून्य दिसलं तर विचारा, का? दावा केला होता की गाडी नुकतीच त्याच्या नावावर आली होती? ही सूट मालकाची असते, गाडीची नाही. गाडी आपल्या नावावर झाली की ती सूट आपल्याला मिळत नाही, आणि विम्याचा हप्ता थोडा वाढतो. तो खर्च आधीच धरून ठेवा.

इथपर्यंत भावाचं बोललो. आता जे सांगायचं आहे ते भावापेक्षा मोठं आहे.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसेल तर कुणी इसार देतं का? फेरफार झाला का विचारतो, इतर हक्कात बोजा आहे का बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी, नोंदणीचं पुस्तक किंवा कार्ड. आणि इथे मात्र जमिनीला जपणारी माणसंसुद्धा बेफिकीर होतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात एक चाल आहे. मालक २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून देतो. एजंट त्या सह्यांवर गाडी पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. कार्डावर नाव पहिल्याचंच. एजंट आनंदानं सांगतो, "बघा, अजून फर्स्ट ओनर!" गाडी चार घरं फिरून आलेली असते. म्हणजे जो आकडा बघून आपण जास्त पैसे देतो, तो आकडाच खोटा निघू शकतो. म्हणून विकणारा माणूस आणि कार्डावरचा माणूस एकच आहे का, हे सगळ्यात आधी बघा. नसेल तर कार्डावरच्या माणसाला समोर आणा किंवा फोनवर बोला. तो सापडत नसेल तर गाडी सोन्याची असली तरी आपली नव्हे.

आणि हे फक्त घेणाऱ्याचं नाही. विकणाऱ्याचं दुखणं तर जास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाचा ६ फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल आहे. एका माणसानं २००७ साली आपली गाडी विकली. ती पुढे आणखी काही हातांतून गेली. २००९ साली त्या गाडीनं अपघात झाला, त्यात एका मुलाचा जीव गेला. सरकारी दप्तरी नाव मात्र पहिल्याचंच राहिलं होतं. तो म्हणत राहिला, मी तर केव्हाच विकली. न्यायालयानं सांगितलं, अपघाताच्या दिवशी ज्याच्या नावावर नोंद आहे तोच कायद्यानं मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

तायांनो, आता आपापल्या घराकडे बघा. कितीतरी घरांत गाडी बाईच्या नावावर घेतलेली असते. कधी कर्ज तिच्या नावावर मिळालं म्हणून, कधी नवऱ्याच्या नावावर आधीच एक कर्ज आहे म्हणून. पुढे नवरा गाडी विकतो, ती दोन सह्या करते आणि विसरते. ज्या घरातल्या बाईनं त्या गाडीचं स्टेअरिंग कधी हातात घेतलं नाही, तिच्या दारात चार वर्षांनी नोटीस येऊ शकते. म्हणून तुमच्या नावावरची गाडी विकली असेल तर आजच मोबाइलवर 'एमपरिवहन' उघडून नंबर टाका. मालकाचं नाव फुल्या मारून अर्धवट दिसतं, पण आपलं नाव आपल्याला ओळखता येतंच. अजून तुमचंच असेल तर आरटीओत जा. कायद्यानं, एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं असतं. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठीही नियम आले आहेत. गाडी व्यापाऱ्याला दिली की ती त्याच्या ताब्यात गेल्याची ऑनलाइन नोंद करता येते आणि मग पुढची जबाबदारी त्याची. व्यापारी नोंदणीकृत आहे का, हे विचारायला लाजू नका. 'कशाला ताई, विश्वास नाही का?' असं म्हणणाऱ्याला सांगा, विश्वास आहे, कागदही हवा.

बोज्याचं सांगायचं राहिलं. आधीच्या मालकानं कर्जावर गाडी घेतली असेल तर कार्डावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बँकेचा नाहरकत दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा, आणि कार्डावरून ते नाव उतरलेलं हवं. आम्ही एका गटाला इथेच थांबवलं. गाडी उत्तम, भाव उत्तम, पण दोन हप्ते बाकी होते. विकणारा म्हणाला, तुम्ही पैसे द्या, मी भरतो. आम्ही म्हटलं, आधी भरा, दाखला आणा, मग पैसे. तो परत आला नाही. ती गाडी कुणी घेतली असेल कोण जाणे.

दंडाचंही बघा. ई-चलन गाडीच्या नंबरवर असतं. आधीच्या मालकानं पुण्यात सिग्नल तोडले असतील आणि नाव बदलताना ते आपल्यापुढं येऊन उभं राहील. आणि शेजारच्या राज्यातली गाडी, आपल्याकडे विजयपूर-कलबुर्गीहून पुष्कळ येतात, ती स्वस्त का दिसते ते विचारा. तिथल्या आरटीओचा नाहरकत दाखला लागतो आणि इथला कर भरावा लागतो. तो मिळवल्यावर स्वस्ताई किती उरते ते आधी कागदावर मांडा.

एक प्रश्न गेल्या महिन्यात एका ताईंनी विचारला होता, नाव सांगत नाही. नवरा वारला, गाडी त्याच्या नावावर. दीर म्हणतात, "भाऊजींनी सह्या करून ठेवलेला फॉर्म आहे, त्यावरच विकून टाकू. तुझ्या नावावर केली तर सेकंड ओनर होईल, भाव पडेल." ताई, तसं करू नका. गेलेल्या माणसाच्या सहीवर व्यवहार होत नाही, आणि झालाच तर पुढे निस्तरायला तुम्हालाच बोलावतील. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची असते. मृत्यूचा दाखला लागतो, वारसाचा पुरावा लागतो, बाकीच्या वारसांची संमती मागतात. उशीर झाला असेल तरी जा, थोडा दंड भरावा लागेल. कागदावर तुम्ही दुसऱ्या मालक व्हाल हे खरं. एजंट त्यावर पाच-दहा हजार तोडायला बघेल. तेव्हा त्याच्यापुढे दोन्ही कार्डं ठेवा, नवऱ्याचं आणि तुमचं, एकच पत्ता दाखवा आणि सांगा, गाडी घराबाहेर गेलेली नाही. घासाघीस करूनही थोडं कमी मिळालं, तर मिळू द्या. पण पैसे तुमच्या हातात येतील, तुमच्या खात्यात येतील, आणि विकायची की ठेवायची हेही तुम्हीच ठरवाल. देवघेव दुसऱ्याच्या हातात गेली की विधवा बाईच्या वाट्याला काय येतं, ते आपण सगळ्या बघतोच.

शेवटी गटाच्या गाडीचं. गटाची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी नसेल तर गाडी बहुधा एका सदस्येच्या नावावर घेतली जाते. त्या अकराजणींनी सचिवताईंच्या नावावर घेतली. मग अपघात झाला तर नाव कुणाचं पुढे येणार, हे आत्ताच ऐकलंत. म्हणून त्यांनी इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला. पैसे गटाचे, विमा आणि दुरुस्ती गटाच्या खर्चानं, सचिवताई गटातून निघाल्या तर गाडी महिन्याच्या आत दुसऱ्या सदस्येच्या नावावर, गाडी कोण चालवणार त्याचा परवाना तपासलेला, आणि पांढऱ्या पाटीवर भाडं मारायचं नाही. हे शेवटचं कलम वाचल्यावर दोघीजणी हिरमुसल्या. लग्नसराईत चार पैसे सुटले असते, असं त्यांना वाटत होतं. पण खासगी गाडीत भाड्यानं माणसं नेली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, हे सचिवताईंनीच त्यांना समजावलं. नाव त्यांचं होतं ना. ठरावाखाली अकरा सह्या झाल्या.

विम्यावर आपलं नाव १४ दिवसांत चढवून घ्यायला अर्ज द्यायचा असतो. आधीच्या मालकाच्या विम्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, आपल्या गाडीचं नाही. आणि गाडी बघायला जाताना कार्डावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवायला विसरू नका. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की अक्षरं उठतात. गॅस किट बसवलेली असेल तर ती कार्डावर चढवली आहे का तेही बघा.

तुमच्या गटाला गाडीचे कागद दाखवायचे असतील तर मासिक बैठकीला झेरॉक्स घेऊन या. मूळ कागद घरीच ठेवा.